वैजू, तुझं कलम रद्द झालं

वैजू, तू गेल्यावर तुझ्या नावाने मला पहिली हाक आली ती लायब्ररीत. तुझा दहावा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. मी पुस्तकं परत करायला गेले होते, आणि काउंटरमागची ती लाल चष्म्याची बाई हात हलवून म्हणाली, "हाय वायजू! लाँग टाइम नो सी, डार्ल!" माझ्या तोंडून निघून गेलं, "आय नो, बीन सो बिझी." पुस्तकं तिथेच टाकून मी बाहेर पडले. गाडीत बसले आणि दार लावून घेतलं. पण खरं सांगू? घाबरले त्याहून जास्त मला बरं वाटलं. त्या बाईच्या लेखी तू अजून फक्त बिझी होतीस.

ही चूक काही नवी नाही. तू माझ्याहून वीतभर उंच, कमरेपर्यंत वेणी. मी बुटकी, चष्मेवाली, केस कापलेले. दोघींत सारखं काय, तर दोघी मराठी, दोघी एकाच युनिव्हर्सिटीच्या आणि दोघींच्या खांद्याला कायम कापडी पिशवी. ब्रिस्बेनच्या या टोकाच्या सबर्बमध्ये आपण दोन गल्ल्यांच्या अंतराने घरं घेतली आणि पहिल्याच वर्षात लोकांनी आपली एकच बाई करून टाकली. तुझ्या लेकीच्या, इराच्या शाळेतल्या फेटसाठी, म्हणजे जत्रेसाठी, केक मी केला, थँक्यू तुला मिळालं. डेंटिस्टची अपॉइंटमेंट तू चुकवलीस, बोलणी मी खाल्ली. मी चिडायचे, तू खिदळायचीस. "चित्रा, फायदा बघ की गं. एक नसली तर दुसरी चालून जाईल."

चालून जातेय गं. तळ्याकाठी कुत्रा फिरवणारे आजोबा, बसचा ड्रायव्हर, कम्युनिटी सेंटरमधली योगाची बाई, ज्यांना कळलेलं नव्हतं ते सगळे मला वायजू म्हणायचे आणि मी वळून बघायचे. सुरुवातीला चुकून. मग मी मुद्दाम संध्याकाळी तळ्यावर जायला लागले. निखिलकडून तुझी ती भगवी टोपी मागून आणली, ऊन लागतं म्हणाले. ऊन उतरल्यावरही ती घालून बसायचे. तुझा नवरा शहाणा, त्याने काही विचारलं नाही. एकदा त्या आजोबांनी विचारलं, "हाऊज युअर लिटल गर्ल?" मी म्हटलं, "शी'ज गुड. ग्रोइंग अप फास्ट." मला मूल नाही, त्यामुळे प्रश्न कोणाबद्दल होता आणि उत्तर कोण देत होतं, यात शंका नव्हती. घरी येऊन मी टोपी कपाटात अगदी आत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली.

दहाव्याचं तुला सांगायलाच हवं, तू पोट धरून हसली असतीस. नाशिकहून गुरुजी व्हिडिओ कॉलवर, तुझी आई त्यांच्या शेजारी, आणि इकडे तळ्याकाठच्या गवतावर केळीच्या पानात पिंड ठेवून आम्ही तिघं, निखिल, इरा आणि मी, मागे सरकून उभे. कावळे इथे काय कमी आहेत? रोज पहाटे छपरावर बसून रडक्या आवाजात आपल्याला उठवतात. त्या दिवशी एक नाही. आता काय होणार ते मला माहीत होतं. कोणीतरी म्हणणार, तिची काहीतरी इच्छा राहिलीय, कबूल करा. निखिल ओठ हलवत काहीतरी जुळवत होता. मी ठरवून गेले होते, मी काही कबूल करणार नाही. या बाबतीत माझं तोंड किती घट्ट मिटलेलं असतं ते तुला ठाऊक आहे. आणि इतक्यात झुडपातून तो आला, मळकट पांढरा, लांब वाकड्या चोचीचा, कचऱ्याचे डबे उपसत हिंडणारा पक्षी, ज्याला इथे सगळे बिन चिकन म्हणतात. सरळ चालत आला आणि पिंड खायला लागला.

तुझी आई फोनमधून ओरडली, "अरे हाकला त्याला, कावळा नाहीये तो!" गुरुजींनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या. त्या देशातला तोच." इरा म्हणाली, "मम वुड'व्ह लव्ड दिस." निखिल हसता हसता रडायला लागला. "सुटली हो माझी पोर," तुझी आई म्हणाली.

सगळ्यांना हायसं वाटलं. मला राग आला, वैजू. इतक्या सहज? कोणी काही कबूल करायच्या आत? म्हणजे तुझं इथे काहीच अडकलं नव्हतं? माझ्याशी अर्धवट राहिलेलं भांडणसुद्धा नाही?

ते भांडण डॉटपासून सुरू झालं. डॉट म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली, नव्वदीला टेकलेली, तुझ्या फार्मसीत गोळ्या न्यायला येणारी म्हातारी. तळ्यावरून बसस्टॉपकडे जायला चढ आहे, आणि चढाच्या मध्यावर तिला दम लागायचा. मग ती एका घराच्या लेटरबॉक्सला धरून उभी राहायची. इतकी वर्षं, की तो लेटरबॉक्स रस्त्याकडे कलला. शेवटी तिने काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्ज केला, चढावर एक बाक द्या. फार्मसीच्या दारात उभं राहून तू तिला सह्या गोळा करून दिल्यास, माझीही घेतलीस. अर्जाची पाळी यायच्या आत डॉट गेली. तू चौकशी केलीस तर सांगण्यात आलं, सॉरी, तो अर्ज रद्द झाला. काउन्सिलच्या चार्टरमध्ये तसं कलमच होतं: कुठलीही मागणी किंवा सूचना करणारा रहिवासी वारला किंवा हद्द सोडून गेला, तर ती आपोआप रद्द.

तू त्या दिवशी माझ्याकडे आलीस ती धुमसत. "चढ आहे तिथेच आहे, बाक नाही, लोकांना दम लागतोय. मग अर्ज कसा काय मेला?"

"मग तू नवा कर."

"बाकाचा नंतर. आधी त्या कलमाकडेच बघते."

चार्टर म्हणजे रहिवाशांनी काउन्सिलपुढे काय आणि कसं मांडायचं याचे नियम. तू त्याला सनद म्हणायचीस, नसलेल्या मिशीला पीळ देत. दर काही वर्षांनी काउन्सिल लोकांना सांगते, यात बदल सुचवा, आणि लोक आपल्या बार्बेक्यूत दंग असतात. तू मात्र आपण मराठी माणसं करतो तसं केलंस. चहाचा कप बाजूला ठेवलास आणि मसुदा करायला बसलीस.

दिवाळीआधी आपण तुझ्या गॅरेजमध्ये चकल्या तळत होतो. स्मोक अलार्म वाजू नये म्हणून नेहमीसारखी कॅम्पिंगची शेगडी, शटर वर, दोघी घामाने चिंब. मी सोऱ्या फिरवत होते, तू तळत होतीस आणि तुझं कलम तोंडी सांगायला लागली होतीस. पहिल्याच वाक्याला मी म्हटलं, "मला नाही पटत."

"काय नाही पटत?"

"माणूस गेला की त्याचं मागणं संपलं. आहे ते कलम बरोबर आहे."

"अगं, पण बाक—"

"बाकाचं नाही बोलत मी. मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसांना कामाला लावायचं, हे मला नको."

मी कशावरून बोलतेय ते तुला माहीत होतं. माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा माझी धाकटी बहीण विद्या आर्किटेक्चर शिकत होती. वर्षाच्या आत उरकायला हवं म्हणून काकांनी सगळ्या नातेवाइकांसमोर उभं राहून सांगितलं, विद्याचं लग्न ही अण्णांची शेवटची इच्छा होती. विद्या मान खाली घालून बसली. कॉलेज सुटलं ते सुटलंच. अण्णा असं काही म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि अण्णांना विचारायची सोय नव्हती. मग फोन मला आले. चित्राने परत यावं, हीही म्हणे त्यांचीच इच्छा. तेव्हा आपण युनिजवळच्या त्या खोलीत राहायचो, रस्त्यावर टाकून दिलेल्या गाद्या उचलून आणलेल्या. मी काकांना फोनवर नाही म्हटलं तेव्हा माझा दुसरा हात तुझ्या हातात होता. फोन ठेवल्यावर उठून फक्त वरणाला फोडणी घातलीस. मी इथे राहिले, माझी म्हणून जगले, ते त्या हातामुळे. हे मी तुला कधी असं तोंडावर सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

गॅरेजमध्ये तू झारा हातात धरून सगळं परत एकदा ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "ती अण्णांची इच्छा नव्हतीच गं. काकांची सोय होती ती."

"तेच तर! मेलेला माणूस येऊन सांगणार आहे का, माझी कुठली आणि काकांची कुठली?"

"ऐकून तर घे. म्हणूनच मी म्हणतेय ना की—"

आणि घाणा करपला. तू "आई गं" करत कढईकडे वळलीस, धूर झाला, आतला अलार्म वाजायचा तो वाजलाच, इरा कानांवर हात ठेवून बाहेर आली, "मम! नॉट अगेन!" करपलेल्या चकल्या आपण उभ्या उभ्याच खाल्ल्या. तुझं वाक्य काय होतं ते मी विचारलं नाही. म्हटलं, भांडायला उभा जन्म पडलाय.

तू ते कलम पाठवलंस, काउन्सिलच्या मीटिंगच्या यादीत तुझं नाव लागलं, आणि मग तू गेलीस. काउन्सिलला कोणी काही कळवलं नव्हतं, त्यामुळे तुझ्या फोनवर मेल येत राहिले: डिअर वैजयंती, वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू. एका दुपारी निखिलने तो फोन माझ्यापुढे सरकवला. "चित्रा, तू कळवशील का त्यांना? मला नाही जमत." मग नाक पुसत म्हणाला, "नाहीतर तूच जा वैजू म्हणून. त्यांना काय कळतंय." तो जरासा हसला. मी हसले नाही, कारण तो विचार त्याच्या आधी माझ्या डोक्यात येऊन बसला होता.

कळवलं, तर जे कलम तू बदलायला निघाली होतीस त्याच कलमाखाली तुझी सूचना रद्द होणार. नाही कळवलं, तर ती जिवंत. तू जिवंत असलीस तर. मी कळवलं नाही. तुझी टोपी पिशवीत टाकून मीटिंगला गेले. काय बोलायचं याची तयारी केली नव्हती. इतकी वर्षं तुझंच ऐकत आले होते, आपोआप येईल असं वाटत होतं.

हॉलमध्ये एसी नको तितका थंड. गॅलरीत मोजकी माणसं. समोर मोठ्या स्क्रीनवर विषयांची यादी, मधोमध तुझं नाव. मेयरने ते वाचायला घेतलं, "वाय-जा-यान..." आणि अर्ध्यात सोडलं. मग गॅलरीवरून नजर फिरवली. तिथे भारतीय बाई एकच होती. तो मोकळं हसला. "देअर यू आर! कम ऑन अप. थ्री मिनिट्स, नो वरीज."

मी उठून माइकपाशी गेले. वैजू, तेव्हा त्या हॉलमध्ये तू जिवंत होतीस. स्क्रीनवर तुझं नाव, सगळ्यांचे डोळे तुझ्यावर, आणि माइकसमोर कोणीतरी उभं. मी फक्त थँक्यू म्हणून सुरुवात करायची होती. कोणाचं काही बिघडलं नसतं. तुझा तो घोगरा आवाज मला माझ्या घशात जाणवत होता. तू माझ्या मागे उभी आहेस, माझ्या डोक्यावरून माइककडे बघतेयस, असं इतकं लख्ख वाटलं की मी वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि पाण्याचा जग.

आणि मला काका आठवले. सगळ्यांसमोर उभं राहून अण्णांच्या नावाने बोलणारे काका.

"आय ॲम नॉट वैजयंती," मी म्हटलं. "वैजयंती इज डेड."

हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते. घरात आम्ही 'वैजू गेली' म्हणतो, आणि ते म्हणताना दर वेळी मला तू फार्मसीत गेल्यासारखं वाटतं. डेड म्हटल्यावर तसं काही वाटायला जागा राहिली नाही. मेयरचा चेहरा पडला. "ओह. ओह, आय'म सो सॉरी." तो शेजारच्या अधिकारी बाईकडे झुकला. ती बिचारी अवघडून म्हणाली की चार्टरप्रमाणे आता ही सूचना रद्द होते, पण रेकॉर्डसाठी एकदा वाचावी लागेल. आणि तिने ती वाचली.

मागणी करणारा रहिवासी वारल्यास, त्याच्याबरोबर सही केलेल्यांपैकी कोणीही ती पुढे चालवू शकेल. मात्र स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर, मृत व्यक्तीच्या नावाने नाही.

म्हणजे चकल्यांच्या धुरात तू हे सांगत होतीस. मृत व्यक्तीच्या नावाने नाही. तुझ्या कलमात काकांना उभं राहायला जागाच नव्हती. ते शेवटचे शब्द तू पहिल्यापासून घातले होतेस, की माझं ऐकून नंतर जोडलेस? मी एकदा तुला वाक्य पुरं करू दिलं असतं तर कळलं असतं. आता कोणाला विचारू?

अधिकारी बाईने एक बटण दाबलं. स्क्रीनवरून तुझी ओळ गेली. खालचे विषय वर सरकले आणि तुझ्या जागी शाळेजवळच्या पार्किंगचा विषय आला. वैजू, तुला घेऊन गेले तेव्हा मी इतकी हादरले नव्हते. गॅलरीत कोणीतरी खोकलं. मेयरला वाटलं मी आता जागेवर जाईन.

मी गेले नाही. मी विचारलं, "मला हे परत मांडता येईल?"

बाई म्हणाली, "सूचना घेणं अजून चालू आहे. नव्याने घेता येईल. इन हूज नेम?"

"माझ्या," मी म्हटलं. "चित्रा. आय'ल स्पेल इट फॉर यू."

तिने लिहून घेतलं. शब्द तुझेच, एकही बदलला नाही. यादीच्या अगदी तळाशी माझं नाव आलं. आणि ऐक, तुझी शेवटची इच्छा म्हणून मी हे केलेलं नाही. तुझी कसलीच इच्छा राहिली नव्हती, त्या बिन चिकनने सगळ्यांसमोर सिद्ध केलंय. मला हवंय ते कलम. मला हवाय तो बाक, कारण हल्ली त्या चढावर दम मला लागतो. भांडणात तू जिंकलीस असं समजायचं असेल तर समज, पण तुझं ऐकून न घेता मी तुझ्या बाजूला आले, त्यामुळे निम्मं श्रेय माझं.

मंजूर होईल का, माहीत नाही. पुढच्या मीटिंगला मतदान आहे. माझी तीन मिनिटं मी आरशासमोर म्हणून बघते आणि मध्येच तुझा हातवारा येतो, तो मी काढत नाही.

काउन्सिल त्या मीटिंगचे व्हिडिओ लावते, सबर्बमधले लोक ते बघतात हे मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात लायब्ररीत गेले, तर ती लाल चष्म्याची बाई काउंटरमागून बाहेर आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "आय'म सो सॉरी, चित्रा." नाव तिने पाठ करून ठेवलं होतं, अगदी बरोबर. आजोबांनी तळ्यावर कुत्र्याला थांबवून हॅट काढली. योगाच्या बाईने मिठी मारली. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडत होते ते झालं, वैजू. सगळ्यांना आता आपण दोघी वेगवेगळ्या ओळखू येतो. टोपी मी इराला देऊन टाकली, तिला ती नाकापर्यंत येते.

परवा चढावर थांबले, डॉटच्या त्या कललेल्या लेटरबॉक्सला धरून. मागून कोणाची तरी पावलं आली. हाक येणार असं वाटलं आणि मी वळले, तोंडात 'हो' तयार ठेवून, तू वळायचीस तशी. बसचा ड्रायव्हर होता, ड्यूटी संपवून घरी चाललेला. "यू ऑलराइट, चित्रा?" म्हणाला. मी म्हटलं, हो.

तुझ्या नावाने आता मला कोणी हाक मारत नाही.